प्रेअरीची रुई : बटरफ्लाय मिल्कवीड कोणी लावली आहे का?

माळावरची | २६ जून, रात्री ९:१०

पोस्टाच्या पेटीशेजारचं माझं झाड काल एकदाचं फुललं. झाड कसलं, गुडघ्याला लागेल एवढं झुडूप. पण रंग असा की समोरच्या घरातले आजोबा गाडी थांबवून "हे काय लावलंस?" म्हणून विचारून गेले. झेंडूचा नारिंगी मऊ वाटतो, हा चटका देणारा आहे. दुपारच्या उन्हात फोटो काढला तर पाकळ्या दिसतच नाहीत, नुसता रंगाचा डाग येतो. म्हणून सोबतचे फोटो संध्याकाळचे आहेत.

इथल्या नर्सरीत नाव बटरफ्लाय मिल्कवीड किंवा बटरफ्लाय वीड. शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपियस ट्यूबरोसा. आधी दोन रोपं मारली, तिसरं जगलं. त्या अनुभवावर हा धागा काढते आहे, म्हणजे पुढच्याचे पैसे वाचतील.

मी शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहते. इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट', म्हणजे गवताळ माळरानांचं राज्य म्हणतात, पण इथे आल्यावर पहिली आठ-नऊ वर्षं मला प्रेअरी कुठे दिसलीच नाही. मका, सोयाबीन आणि मॉलचे पार्किंग लॉट. एकेकाळी या राज्यात साधारण २ कोटी २० लाख एकर उंच गवताचं माळरान होतं. त्यातली कधीच न नांगरलेली, चांगल्या अवस्थेतली जमीन आता जेमतेम दोन-अडीच हजार एकर उरली आहे. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर बनवला. तोवर इथली चिकट काळी माती फाळाला चिकटून बसायची, ती आता घसरून पडू लागली. पुढचं सांगायला नको. मूळ प्रेअरीचे तुकडे टिकले ते नांगर पोचला नाही तिथे, म्हणजे रेल्वेच्या रुळांकडेला आणि जुन्या दफनभूमींत.

हे फूल मी पहिल्यांदा पाहिलं लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये (मोठं वृक्षोद्यान आहे). तिथली शूलेनबर्ग प्रेअरी १९६२ पासून हाताने रोप-रोप लावून उभी केलेली आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिरव्या गवतात मधूनच हे नारिंगी झुबके. मी तिथेच ठरवलं की हे आपल्या दारात हवं.

मग काय, नर्सरीतून दोन रोपं आणली आणि आपल्या पद्धतीने लाड सुरू केले. खड्ड्यात भरपूर कंपोस्ट, वर शेणखत (इथे पिशवीत विकत मिळतं, वासाशिवाय!), रोज संध्याकाळी पाणी. तीन आठवड्यांत पानं पिवळी, पाचव्या आठवड्यात बुंधा धरून हलवला तर अख्खं रोप हातात. खाली मूळ कुजून काळा चिखल झाला होता. दुसरं हिवाळ्यात गेलं.

चूक काय झाली ते नंतर कळलं. या झाडाला खाली गाजरासारखं, पण लाकडासारखं कडक सोटमूळ असतं. नावातलं 'ट्यूबरोसा' त्या गाठाळ मुळावरूनच आलं आहे. (अवांतर : निशिगंधाच्या जुन्या शास्त्रीय नावातही हेच ट्यूबरोसा होतं.) ते मूळ वाळूत, मुरमात, उतारावर खोल जाऊन स्वतःचं पाणी स्वतः शोधतं. त्याला ओल साचलेली चालत नाही, विशेषतः हिवाळ्यात. आमची वसाहत बांधताना बिल्डरने वरची काळी माती खरवडून नेली, उरली ती पिवळी चिकणमाती. त्यात खड्डा करून कंपोस्ट भरलं की तो खड्डा म्हणजे हौद होतो. पाणी आत येतं, जात नाही.

तिसरं रोप लावलं ड्राइव्हवेच्या कडेला, जिथे गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. खडी, बारीक वाळू, दिवसभर ऊन, थोडा उतार. खत शून्य. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी दिलं, नंतर तेही नाही. पहिल्या वर्षी तीन इंच वाढलं आणि रुसल्यासारखं बसलं. दुसऱ्या वर्षी फूटभर. हे तिसरं वर्ष, आणि आत्ता त्याच्यावर एकवीस झुबके आहेत. मोजले आहेत.

कोणी लावलं आहे का? अनुभव लिहा.

---

कोल्हापुरी_चप्पल | २७ जून, सकाळी ७:०२

ताई, हे तर आपलं हळदीकुंकू! आमच्या आजोळी विहिरीजवळ असायचं. त्याला तर कोणी वाळू-बिळू देत नव्हतं.

---

माळावरची | २७ जून, दुपारी ४:३०

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. जवळची नातलग आहे, पण ती नव्हे. आपलं हळदीकुंकू म्हणजे अ‍ॅस्क्लेपियस कुरासाविका. तीही मूळची अमेरिकेचीच, पण उष्ण भागातली, आणि बागेतलं फूल म्हणून आपल्याकडे येऊन रानात पसरली. ओळखायची सोपी खूण : हळदीकुंकवाचं फूल दोन रंगांचं, खालच्या पाकळ्या लालभडक आणि मधला मुकुट पिवळा. नावच त्यावरून. ट्यूबरोसा बहुतेक वेळा आख्खी नारिंगी असते.

दुसरी खूण, पान तोडा. हळदीकुंकू, रुई, इथली साधी मिल्कवीड, सगळ्यांतून पांढरा चीक येतो. ट्यूबरोसातून पाण्यासारखा पारदर्शक रस येतो. नाव मिल्कवीड आणि दूधच नाही! पानंही समोरासमोर नसतात, एकाआड एक असतात, आणि देठावर खरखरीत लव असते.

---

ह्यूस्टनची_हसीना | २७ जून, रात्री ११:४८

माझ्याकडे ती दोन रंगांची आहे. मोनार्क फुलपाखरं येतात म्हणून मुलीने हट्टाने लावली. पण इथल्या एका बागप्रेमी ग्रुपवर मला चक्क ओरडले, म्हणाले उपटून टाक. का? फुलपाखरं तर खूष दिसतात.

---

माळावरची | २८ जून, सकाळी ८:१५

ओरडायला नको होतं, पण मुद्दा खरा आहे. तुमच्याकडे थंडी बेताची, त्यामुळे ती वर्षभर हिरवी राहते. मोनार्कच्या अंगावर ओई नावाचा एक सूक्ष्म परजीवी असतो. फुलपाखरू पानावर बसलं की त्याचे कण पानावर सांडतात, अळी ते पानाबरोबर खाते, आणि पुढचं फुलपाखरू कोषातून बाहेर पडताना पंख मोडकेच घेऊन येतं. इथली देशी मिल्कवीड थंडीत जमिनीपर्यंत वाळून जाते, तिच्याबरोबर ही घाणही जाते. हळदीकुंकू वाळत नाही, साठा वाढत राहतो. शिवाय हिवाळ्यात हिरवं पान मिळालं की काही फुलपाखरं पुढे मेक्सिकोला जायचंच सोडतात.

लगेच उपटायचं नसेल तर शरद ऋतूत जमिनीपासून वीतभर ठेवून छाटून टाका, हिवाळ्यात फुटवे आले की पुन्हा छाटा. आणि शेजारी एखादी टेक्ससची देशी जात लावा. मुलीला आत्ता सांगू नका, सुट्टीत सांगा.

---

निवृत्त_गुरुजी | २८ जून, सकाळी १०:५०

उत्तम धागा. मी वनस्पतीशास्त्र शिकवत असे, त्यामुळे राहवत नाही.

या फुलाची रचना जवळून बघण्यासारखी आहे. पाच पाकळ्या देठाकडे मुडपलेल्या असतात आणि वर पाच कप असतात, प्रत्येक कपातून एक बारीक शिंग बाहेर डोकावतं. मध त्या कपात. आपल्या रुईच्या फुलात जो मुकुट दिसतो त्याचंच हे वेगळं रूप. परागकण मात्र सुटे नसतात. त्यांच्या मेणचट पिशव्या असतात, दोन-दोन पिशव्या एका चिमट्याला टांगलेल्या. मध प्यायला बसलेल्या कीटकाचा पाय दोन कपांमधल्या फटीत घसरतो आणि पाय ओढून काढताना तो चिमटा पायाला अडकतो. मग घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या टाकाव्यात तशा त्या पिशव्या घेऊन तो पुढच्या फुलावर जातो. तिथे पुन्हा पाय घसरला आणि पिशवी योग्य फटीत बसली तर फळ धरतं. एवढे सगळे 'जर' असल्यामुळे शंभर फुलांतून शेंगा दोन-चारच दिसतात. अशक्त कीटक कधीकधी पाय अडकून तिथेच मरतात. भिंगातून बघा, सापडतील.

आपली कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया, हीसुद्धा याच कुळातली बरं का. सह्याद्रीत त्यांच्यासाठी कडेकपारी पालथ्या घालणाऱ्यांनी ही अमेरिकन बहीण पाहिली तर ओळख पटेल.

माळावरची, तुम्ही गाजरासारखं मूळ म्हणालात तेव्हा मला कंदीलपुष्पांचे कंद आठवले.

---

माळावरची | २८ जून, संध्याकाळी ७:२०

गुरुजी, तुमच्या प्रतिसादानंतर भिंग घेऊन बाहेर गेले. एका मुंगीचा पाय खरंच अडकलेला होता. सोडवायला गेले तर पाय तिथेच राहिला. आता वाईट वाटतंय.

---

दोन_आणे | २९ जून, दुपारी १:०५

थोडं विरोधात बोलतो, राग मानू नये. सगळे ही नारिंगी लावतात कारण ती दिसायला देखणी आहे आणि तिला शिस्त आहे. पण मोनार्कच्या मादीला विचाराल तर ती अंडी घालायला साधी मिल्कवीड किंवा पाणथळ जागेतली स्वॅम्प मिल्कवीड आधी निवडते. ट्यूबरोसाचं पान खरखरीत, त्यात कडू विषारी द्रव्यही कमी. मोनार्कची अळी तेच कडू द्रव्य अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचते. म्हणजे हे झाड फुलपाखरांसाठी खानावळ आहे, बाळंतपणाचं घर नव्हे.

---

माळावरची | २९ जून, रात्री ९:४०

खानावळ हा शब्द पटला. अर्धं मान्य. माझ्या झाडावर या वर्षी मला मोनार्कची दोनच अंडी दिसली. पण खानावळीतली गर्दी बघा : स्वॅलोटेल आणि फ्रिटिलरी फुलपाखरं, भुंगे, आणि कोरल हेअरस्ट्रीक म्हणून एक नखाएवढं फुलपाखरू, ते तर या फुलावर हमखास बसतं. हमिंगबर्डसुद्धा एकदा येऊन गेला.

साधी मिल्कवीड मीही लावली होती, मागच्या कुंपणाला. ती जमिनीखालून धावते. दोन वर्षांत लॉनमध्ये, टोमॅटोत, शेजाऱ्याच्या डेकखाली. मग आमच्या सोसायटीकडून पत्र आलं, 'तण काढा' म्हणून. ट्यूबरोसा जिथे लावली तिथेच झुबका करून बसते, म्हणून तिच्याबद्दल आजवर पत्र नाही. आणि गंमत म्हणजे २०१७ पासून मिल्कवीड इलिनॉयचं अधिकृत राज्य-रानफूल आहे, आणि मोनार्क १९७५ पासून राज्यकीटक. सोसायटीला हे लिहून पाठवलं. उत्तर नाही. २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला की नीट राखलेली देशी झाडं लावायला सोसायट्यांनी बंदी घालू नये, तेव्हापासून जरा बरं आहे.

तरी, जागा असेल तर दोन्ही लावा. पुढे ही, मागे ती.

---

भूक_लागली | ३० जून, सकाळी ९:००

औषधी आहे का? आमच्याकडे रुईची पानं गुडघ्याला बांधतात. आणि शनिवारी मारुतीला माळ.

---

माळावरची | ३० जून, सकाळी ९:५५

हिचं जुनं इंग्रजी नाव प्लुरिसी रूट, म्हणजे छातीच्या दुखण्यावर वापरायचं मूळ. इथल्या मूळ रहिवासी जमाती हे मूळ वापरत, नंतर गोऱ्या वैद्यांनीही वापरलं. अ‍ॅस्क्लेपियस हे प्रजातीचं नाव लिनिअसने ग्रीकांच्या वैद्यदेवावरून ठेवलं. पण घरी काढा वगैरे अजिबात करू नका, जास्त झालं तर उलट्या होतात आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. मारुतीला माळ करता येईल का ते मारुतीला विचारून सांगते. पानं बोटाएवढी अरुंद आहेत, मोठी माळ करायला झाड बोडकं करावं लागेल.

---

ओहायोचा_ओम्या | ८ ऑगस्ट, रात्री १०:३०

उशिरा वाचला धागा. वाचनखूण साठवली. कोलंबसजवळ राहतो, माती चिकणच. बी लावावं की रोप? माझं बजेट बी एवढंच आहे. (हसू)

---

माळावरची | ९ ऑगस्ट, सकाळी ८:४५

बी लावा, पण त्याला आधी थंडी दाखवावी लागते. फ्रीजमध्ये ओल्या वाळूत किंवा ओल्या पेपर टॉवेलमध्ये एक-दोन महिने. नाहीतर सरळ नोव्हेंबरमध्ये बाहेर पेरा, हिवाळा फुकटात काम करतो. बी जेमतेम झाकेल एवढीच माती वर.

फ्रीजचा मार्ग घेणार असाल तर पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. एका वर्षी मी असंच बी ठेवलं होतं आणि आई आली होती. तिने पेपर टॉवेल उघडून बघितला, तिला वाटलं मटकी मोड यायला ठेवून मी विसरले. पाच आठवड्यांची थंडी कचऱ्यात.

चिकणमातीत लावायचंच असेल तर जमिनीच्या वर सहा-आठ इंचांचा वाळू-खडीचा उंचवटा करा आणि त्यावर लावा. खड्डा करू नका. काही नर्सऱ्या चिकणमाती सोसणारा वाणही विकतात. एक महत्त्वाचं : रोप विकत घेताना कीटकनाशक मारलंय का ते नक्की विचारा. फुलपाखरासाठी झाड घ्यायचं आणि पानातच विष, असं नको. आणि जागा एकदाच ठरवा. सोटमूळ खोल गेलं की हलवता येत नाही, हलवलं की तुटतं.

---

चहाबाज | २ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१२

ताई, माझ्या झाडाच्या शेंड्यांवर पिवळे जर्द किडे चिकटलेत, शेकड्यांनी. पाय काळे. नीमतेल मारू का?

---

माळावरची | २ सप्टेंबर, रात्री ८:०३

मावा. आपल्याकडे रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो तोच. सगळ्या माद्याच, नर लागतच नाही, म्हणून आठवड्यात गोतावळा होतो. काही मारू नका, अळ्या किंवा अंडी असतील तर तीही मरतील. बोटांनी चिरडा किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा. थोडा राहू द्या, ढालकिडे येतात मागावर. सप्टेंबरात झाड तसंही आवरतं घेतंय, माव्याने फार बिघडत नाही. लाल-काळे ढेकणासारखे दिसले तर ते मिल्कवीड बग, त्यांना शेंगेतलं बी हवं असतं.

---

रुईची_म्हातारी | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:३३

माझं आयडी बघून कळलं असेल मी इथे का आले. (हसू) शेंगा फुटल्या का? म्हातारी उडते का हिच्यातून?

---

माळावरची | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२५

उडते! शेंग बोटभर लांब, दोन्हीकडे निमुळती. आज तिची शिवण उकलली आणि आत माशाच्या खवल्यांसारख्या तपकिरी बिया एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीला रेशमाचा झुबका. मुलाला दाखवलं, "ही म्हातारी, हिला धरून फुंकायची." तो म्हणाला "व्हाय म्हातारी?" पांढरे केस दाखवले, पटलं.

याच रेशमाची युद्धातली एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात जीवरक्षक जाकिटांत भरायचा कापोक नावाचा कापूस जावाहून येणं बंद झालं, तेव्हा साध्या मिल्कवीडचा कापूस वापरला. तो हलका आणि पाण्यात न भिजणारा. १९४४ मध्ये शाळकरी पोरांना शेंगा गोळा करायला कांद्याची पोती दिली होती, दोन पोती म्हणजे एक जीव वाचला असं सांगून. आपल्याकडे सावरीच्या कापसाच्या उशा असायच्या, त्याच जातकुळीचं काम.

बी गोळा करायचं असेल तर शेंग पूर्ण फुटायच्या आदल्या दिवशी तिला रबरबँड लावा. नाहीतर दिवाळीपर्यंत घरभर म्हाताऱ्या.

---

सातारचा_पाव्हणा | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

कासला येऊन बघा, अशीच माळरानाची फुलं. पण एक विचारायचं होतं. तिकडे प्रेअरी मुद्दाम पेटवतात असं ऐकलं. आमच्याकडे डोंगराला वणवा लागला की आम्ही विझवायला धावतो.

---

निवृत्त_गुरुजी | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

खरं आहे, पण दोन्हींत फरक करावा लागतो. प्रेअरीतलं गवत आणि रानफुलं हजारो वर्षं आगीबरोबर वाढलेली. त्यांचा जीव जमिनीखाली असतो. वरचं वाळकं जळालं की ऊन जमिनीपर्यंत पोचतं, काळी झालेली माती लवकर तापते, आणि बाहेरून शिरलेली झुडपं मरतात. तिथे प्रशिक्षित माणसं वारा, आर्द्रता बघून आखलेल्या तुकड्यालाच आग लावतात, आणि सगळं एकाच वर्षी जाळत नाहीत, कारण गवतात किड्यांची अंडी असतात. आपल्याकडचा वणवा बहुधा कोणीतरी बिडी टाकून किंवा चांगलं गवत येईल या समजुतीने लावलेला, कुठेही पसरणारा. हे वाचून कोणी सह्याद्रीत काडी ओढू नये.

---

ओहायोचा_ओम्या | ९ मे, रात्री ९:५८

ताई, माफ करा, धागा वर काढतोय. माझी मेली वाटतं. सप्टेंबरात रोपही आणलं होतं एक, उंचवट्यावर लावलं, नोव्हेंबरात बाजूला बी पेरलं. आता ट्यूलिप होऊन गेले, शेजाऱ्याचं सगळं हिरवं झालंय, माझ्या उंचवट्यावर नुसती खडी. बायको म्हणते तिथे मिरच्या लावू. उद्या खणून बघतो.

---

माळावरची | ९ मे, रात्री १०:०४

खुरपं खाली ठेवा!!

ही सगळ्यांच्या शेवटी उठते. जमीन चांगली तापल्याशिवाय डोकं वर काढत नाही, माझ्याकडेही अजून काही नाही. खणलंत तर कोंबच तुटेल. जागेवर काडी रोवून ठेवा म्हणजे मिरच्या त्यावर पडणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत थांबा.

---

दोन_आणे | १० मे, सकाळी ७:३०

+१. मी एकदा असंच खणलं होतं. जिवंत होती. माझ्यामुळे मेली.

---

ओहायोचा_ओम्या | २४ मे, सकाळी ६:५०

आली!!! तीन कोंब, जांभळट, शतावरीच्या कोंबांसारखे, वर लव. बाजूला पेरलेल्यातली पण सात-आठ बारकी दिसतायत, दोन-दोन पानांची. बायकोने फोटो काढलाय, जोडतोय. मिरच्या कुंडीत गेल्या. आता थोडंसं, अगदी चमचाभर शेणखत घालू का?

---

माळावरची | २४ मे, सकाळी ६:५३

नाही.

---

कोल्हापुरी_चप्पल | २४ मे, सकाळी ७:१०

फोटो दिसत नाहीये.